हुरमुंजी म्हणजे नक्की काय? (गेरू, काव, हिरमिजी वगैरे)

पांथस्थ
मंडळी, घरात एक जुनी खर्चाची वही आहे, पणजोबांच्या हातची, मोडीत. मोडी येणाऱ्या एका मित्राकडून जमेल तशी लावून घेतोय. बेंदराच्या आधीच्या पानावर सामानाची यादी आहे आणि त्यात ओळीने तीन गोष्टी आल्यात, गेरू, काव आणि हुरमुंजी. तिन्हींपुढे वेगळं वजन आणि वेगळा दाम. गेरू माहितीय. काव म्हणजे पण गेरूच असं आई म्हणते. हुरमुंजी पण लाल मातीच असं शेजारचे काका म्हणतात. मग एकाच मातीचे तीनदा पैसे कशाला मोजले? पणजोबा एक नंबरचे चिकट होते अशी ख्याती आहे, तेव्हा ते काही शक्य नाही.

तर विचारायचं असं की हुरमुंजी हा शब्द आला कुठून, तुमच्याकडे कशाला म्हणतात, आणि या तीन खरंच वेगळ्या वस्तू आहेत का. जाणकारांनी प्रकाश टाकावा, अजाणकारांनी पण टाकायला हरकत नाही.

शेंगदाणा
पहिला! माहिती शून्य, पण वाचतोय.

चावट_चिंतामणी
काव हा शब्द कावळ्याने रजिस्टर केलेला आहे, परवानगीशिवाय वापरू नये.

माळावरचा
हुरमुंजी आमच्याकडे अजून म्हणतात, म्हणजे म्हातारी माणसं म्हणतात. बेंदराला बैलाच्या शिंगांना लावायची ती. आधी शिंगं साळायची, धारदार पात्याने किंवा काचेच्या तुकड्याने वरचा खरबरीत थर काढून एकदम गुळगुळीत करायची, बैल मान हलवत असतो आणि एक माणूस नुसता वेसण धरायला लागतो. मग हुरमुंजीची पूड तेलात कालवून फडक्याच्या बोळ्याने शिंगाला चोळायची. ब्रश बिश काही नाही. ती शिंगाच्या रेघांत जाऊन बसते आणि वरून हात फिरवला की काळपट लाल चकाकी येते. त्यावर बेगड, टोकाला पितळी शेंब्या, गोंडे, अंगावर झूल. आता सरळ ऑइलपेंटचा डबा आणतात, एक शिंग भगवं एक हिरवं, काय वाट्टेल ते.

रंगाबद्दल सांगायचं तर गेरूपेक्षा गडद असायची. गेरू विटेसारखा, ही वाळलेल्या रक्ताकडे झुकणारी. त्यामुळे तुमचे काका अर्धे बरोबर.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे पोळ्याले शिंगाले हिंगूळ लावत. हुरमुंजी नाव आजच ऐकलं बावा.

रसायनवाला
हिंगूळ वेगळा, यात गल्लत नको. लाल दिसणाऱ्या सगळ्याच पुड्या एका डब्यात टाकायची आपल्याला सवय आहे म्हणून लिहितो. गेरू, काव, हुरमुंजी जे काय असेल ते, त्यातला लाल रंग लोहाचा, फेरिक ऑक्साईड म्हणजे हेमॅटाइट. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साईड. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. कुंकू जुन्या पद्धतीचं असेल तर हळदीला क्षार लावून केलेलं. चारही लाल, पण एक अंगाला लावा, दुसरं तिसरं तोंडाजवळ नेऊ नका.

दर्यावर्दी
शब्दाचं उत्तर देतो, कारण ते ठिकाण मी लांबून पाहिलंय. हुरमुंजी म्हणजे हुरमुजची. हुरमुज, होर्मुझ, तेच बेट जे इराणी आखाताच्या तोंडाशी आहे आणि ज्याच्या नावाची सामुद्रधुनी दर चार महिन्यांनी बातम्यांत असते. जहाजावर होतो तेव्हा बंदर अब्बासला जाणं व्हायचं. तिथून बेट समोरच आहे. जवळून गेलेले सहकारी फोटो दाखवायचे, किनाऱ्याची वाळू लाल आणि लाट परत जाताना पाणी पण लाल. ते अख्खं बेट म्हणजे खालून वर आलेला मिठाचा डोंगर आहे, त्यात हे लोहाचे थर. ती माती तिथे खणून गलबतांत भरून बाहेर पाठवायचे, रंगाच्या धंद्यात तिला पर्शियन गल्फ ऑक्साईड असं नाव होतं. आणि गंमत म्हणजे तिथले लोक ती खातात पण, मासळीच्या आंबट खारट चटणीत घालतात आणि रोटीवर फासतात.

चावट_चिंतामणी
म्हणजे आपण बैलाला लावतो ते ते लोक पोळीला लावतात.

शेंगदाणा
हाहाहा

कोरा_कागद
दर्यावर्दींचं बरोबर आहे, आणि हा शब्द फक्त मराठीत नाही. हिंदीत हिरमिजी, राजस्थानात खेडोपाडी भिंती रंगवायला हिरमिच असते, कोकण कारवार पट्ट्यात हुरमुंज किंवा उरमुंज. सगळं त्या एका बंदराचं नाव चावून चावून झालेलं. बंदराच्या नावाने माल ओळखणं आपल्याकडे जुनंच आहे, मस्कती डाळिंब म्हणतो, सुरती म्हणतो, तसंच.

मात्र एक सावधगिरी. हिरमिजी आणि किरमिजी हे जुळे भाऊ वाटतात पण नात्यात नाहीत. किरमिजी हा किड्याचा रंग. ओकच्या झाडावर राहणारा किरमिज नावाचा किडा वाळवून त्यापासून काढायचे. अरबी किर्मिझ, त्याच्याही मागे संस्कृत कृमिज आहे असं बरेच लोक मानतात, आणि इंग्रजीतले क्रिमझन आणि कार्माइन त्याच घरातले. म्हणजे किरमिजी कापडाचा रंग, हिरमिजी मातीचा. एक किड्यातून, एक बंदरातून. पुढे लोकांनी उच्चारावरून दोन्ही एक करून टाकले.

माळावरचा
हे भारी आहे. मी इतके दिवस हुरमुंजी म्हणजे शब्दाची मोडतोड समजत होतो. बैलाच्या शिंगावर इराण बसलाय हे बैलाला पण माहीत नसेल.

पांथस्थ
वा, पहिलं उत्तर मिळालं. पण वही पश्चिम महाराष्ट्रातली आहे, समुद्रापासून बरीच आत. इराणची माती तिथपर्यंत किराण्यात येत होती?

दर्यावर्दी
न यायला काय झालं? खजूर यायचा, मोती यायचे, घोडे यायचे. हुरमुज आणि गोवा दोन्ही एकाच वेळी पोर्तुगीजांकडे होती, हुरमुज १५१५ पासून १६२२ पर्यंत. विजयनगरला जाणारे घोडे त्याच वाटेने गोव्यात उतरायचे. किनाऱ्यावर उतरलेला माल घाट चढून वर जायचाच. हां, पणजोबांच्या काळातली हुरमुंजी खरंच तिकडची होती की इकडचीच माती तिकडच्या नावाने विकली जात होती ते तो दुकानदार जाणे.

तिरफळ
आता कावेकडे या. आमच्या हय काव म्हणतत, गेरू म्हणूची पद्धत कमी. आणि कावेवरून ज्याचं नाव पडलं ती कावी कला बघितली नसेल तर आयुष्यात काही बघितलं नाही (थोडी अतिशयोक्ती चालते). दक्षिण कोकण, गोवा आणि खाली कारवार, अंकोला, कुमटा या पट्ट्यातली देवळं. दोनच रंग, लाल आणि पांढरा.

करायची रीत अशी. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गुळाचं पाणी, हे एकत्र करून बरेच दिवस मुरवायचं, मग कुटून कुटून लोण्यासारखं करायचं. त्याचा गिलावा भिंतीवर. तो ओला असतानाच वर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ लाल हात द्यायचा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून घासून तकाकी आणायची. मग खरी कसरत, लोखंडी टोचणीने लाल थर खरवडत जायचं, खालचा पांढरा दिसला की चित्र झालं. कंपासने काढलेली फुलं, वेली, देव, हत्ती, शिकारी. सगळं ओलं आहे तोवर आटपायचं, वाळलं की संपलं, आणि एकदा चुकीची रेघ मारली तर खोडरबर नाही. मोरजीला मोरजाईच्या देवळात आहे, अडवलपालला शर्वाणीच्या देवळात आहे, अंकोल्याला आहे. कृष्णानंद कामत यांनी फिरून फिरून याचे फोटो काढले आणि लिहून ठेवलं, नाहीतर कोणाला पत्ता नव्हता.

दुर्दैव असं की बऱ्याच ठिकाणी जीर्णोद्धार म्हणजे जुनं पाडून वर ग्रॅनाइट आणि स्टीलचे कठडे. आमच्याजवळच्या एका देवळात कावीवर सरळ आकाशी डिस्टेंपर मारला. विचारलं तर म्हणाले फ्रेश वाटतं.

केळफूल
@तिरफळ, डिस्टेंपरचं वाचून पोटात ढवळलं. आणि त्या पांढऱ्या लाल भिंतीवर तिन्हीसांजेला समईचा उजेड पडतो तेव्हा काय दिसतं ते सांगायलाच नको.

मीनाक्षी_बंगळूर
काव हा शब्द ऐकून मला एकदम माहेर सासर दोन्ही आठवलं कारण इथे कन्नडमध्ये कावी म्हणजे तोच रंग. संन्याशाची वस्त्रं म्हणजे कावी, संन्याशाला काविधारी म्हणतात. तमिळमध्येही कावी, मल्याळममध्येही. केरळात पुरुष जे भगव्या रंगाचं मुंडू नेसतात त्याला कावी मुंडू म्हणतात, आणि ते नेसणारा संन्यासी असण्याची काही गरज नाही, चहाच्या टपरीवरचा माणूस पण असतो. तर मला वाटतं काव हा शब्द दक्षिणेकडून आपल्याकडे आला. हिंदीत किंवा गुजरातीत काव नाहीच, तिकडे नुसता गेरू.

कोरा_कागद
मीनाक्षीताई, असहमत. म्हणजे पूर्ण नाही. संस्कृत काषाय, पालीत त्याचं कासाव झालं. कासाव ते काव हे अंतर फार नाही. बौद्ध भिक्खूंचं वस्त्र ते कासाव, आणि हाच शब्द चीनमार्गे जपानला जाऊन केसा झाला, तिकडचे भिक्षू अजून अंगावर केसा घेतात. एवढं लांब गेलेला शब्द दक्षिणेत कावी म्हणून गेला नसेल कशावरून?

मीनाक्षी_बंगळूर
काषाय हा मुळात कषाय, तुरट काढा. साली उकळून त्या काढ्यात कापड बुडवायचं, तो रंग. माती नाही त्यात. आणि कावी दक्षिणेत आधी माती आहे, कावीकल्लु म्हणजे गेरूचा दगड, वस्त्र नंतर. कासाव मधला स नेमका सगळ्या दक्षिणी भाषांत एकाच वेळी गळाला का? मला पटत नाही. तुम्ही पुण्याचे असाल तर सोडणार नाही हे माहितीय, पण मी पण मूळची तिथलीच आहे.

चावट_चिंतामणी
धरा धरा, कोणीतरी मध्ये गेरूचा पट्टा ओढा.

संपादक_मंडळ
भगव्यावरून राजकारणाकडे जाणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मातीवर बोला, झेंड्यावर नको.

भिजलेली_वात
कावीळ पण यातूनच का मग? रंग चढतो म्हणून?

कोरा_कागद
नाही. कावीळ म्हणजे संस्कृत कामला, म चा व झाला, जसा ग्राम चा गाव आणि नाम चा नाव. शिवाय ती पिवळी.

चावट_चिंतामणी
आणि गनिमी कावा?

कोरा_कागद
तो फारसीकडून, घोडा गोल फिरवण्याचा कावा. आता कावराबावरा विचाराल म्हणून आधीच सांगतो, उत्तर देणार नाही.

तंजावरची_सून
नमस्कार, उशिरा आले. मी तंजावर मराठी घरात सून आहे, आमच्या घरची मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात ते जाऊ दे. इथे रोजचं कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, तांदळाच्या पिठाचं, पण सणाला, लग्नकार्याला त्याच्या कडेने कावीची ओळ काढतात. कावी काढली म्हणजे घरात शुभ काही आहे हे गल्लीला कळतं. सुतक असेल तर कोलमही नाही आणि कावी तर नाहीच. सासूबाई गेरूचा खडा पाण्यात भिजत टाकतात, त्यात फडकं बुडवून दोन बोटांत पिळत पिळत ओळ ओढतात, मनगट जराही हलत नाही. माझी ओळ अजून रस्त्यावरच्या टायरच्या खुणेसारखी जाते. देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर पांढऱ्या आणि कावीच्या उभ्या पट्ट्या तर तमिळनाडूत सगळीकडे.

माळावरचा
सारवलेल्या अंगणात गेरूचा चौकोन घालून त्यावर रांगोळी, हे आपल्याकडे पण तेच की. तुळशीवृंदावन, चुलीची कड, उंबरा. वारली घरात तर सगळी भिंत आधी गेरूने किंवा शेणामातीने सारवून मग तांदळाच्या पिठाने चौक काढतात, लग्नाचा. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना ती भिंत दिसली.

शेंगदाणा
आणि रस्त्याकडेच्या झाडांना जो खाली गेरू आणि वर चुना असा पट्टा असतो तो? लहानपणी मला वाटायचं झाडांना पण शाळेचा युनिफॉर्म असतो.

रानवाट
तो वाळवी लागू नये म्हणून, आणि सरकारी झाड आहे हे कळावं म्हणून. शिवाय रात्री गाडीच्या दिव्यात पांढरा पट्टा दिसतो. गेरूने वाळवी खरंच किती थांबते ते वाळवीलाच विचारा.

चावट_चिंतामणी
लाल डबा पण सरकारी आहे हे कळावं म्हणूनच लाल. वाळवी मात्र त्यालाही लागलीय.

रंधा
सगळे भिंती आणि देवळंच बोलतायत म्हणून लिहितो. आमचं सुतारकाम. वडील लाकडाच्या ओंडक्यावर सरळ रेघ मारायला सूत वापरायचे. वाटीत काव पाण्यात कालवलेली, त्यात सूत बुडवायचं, बोटांतून निथळायचं, एक टोक मी दाबून धरायचो, दुसरं त्यांच्या अंगठ्याखाली, मधोमध चिमटीने उचलायचं आणि सोडायचं. फट्. ओंडक्यावर केसाइतकी बारीक लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. सूत जास्त ओलं असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूला शिंतोडे उडतात, मग ओरडा. त्या रेघेवरून करवत. माझा शर्ट कायम लाल शिंतोड्यांचा असायचा आणि आई म्हणायची ही काव काही निघत नाही. आता निळ्या पावडरीची रीळ मिळते, लेझर मिळतो. वडिलांना लेझर दाखवला तर म्हणाले हा दिवा विझला की रेघ पण गेली, काय उपयोग.

कोरा_कागद
@रंधा, मस्त. या दोरीवरून प्राचीन अथेन्स आठवलं. तिथे लोकसभेला नागरिक वेळेवर येत नसत, बाजारातच गप्पा हाणत बसत. मग दोन गुलाम लाल गेरूत भिजवलेली दोरी ताणून बाजारातून सभेच्या टेकडीकडे लोकांना हाकत न्यायचे. ज्याच्या कपड्यावर लाल डाग तो उशिरा आलेला, त्याला दंड. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात यावर विनोद आहे. ग्रीक लोक त्या गेरूला मिल्टोस म्हणत आणि केआ नावाच्या बेटावरचा मिल्टोस फक्त अथेन्सलाच विकायचा असा ठराव दगडावर कोरून ठेवला होता. जहाजांच्या फळ्यांना लावायला लागायचा.

केळफूल
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ही दोरी तातडीने हवी आहे.

शेंगदाणा
+१

दर्यावर्दी
+१०००. आणि सेक्रेटरीलाच आधी लागेल.

आजीचा_बटवा
औषधाचं कोणीच लिहिलं नाही? अंगावर पित्त उठलं, गांध्या आल्या की आमच्याकडे गेरू उगाळून लावायचे. कोकणातले आमसुलाचं पाणी लावतात तसं. आणि पोटातून द्यायला सोनकाव, ती वेगळी, मऊ, बोटाने चोळली तरी रेशमासारखी लागते.

वैद्य_नाही_पण
सोनकाव म्हणजे स्वर्णगैरिक. आयुर्वेदात गैरिक दोन प्रकारचं, पाषाणगैरिक कडक आणि फिकं, स्वर्णगैरिक मऊ, तेलकट आणि गडद लाल. औषधाला दुसरं, आणि ते पण तसंच नाही, गाईच्या तुपात परतून किंवा दुधाच्या भावना देऊन (म्हणजे दुधात पुन्हा पुन्हा खलून) शुद्ध करून. हे लिहिण्याचं कारण एवढंच की रंगाच्या दुकानातून आणलेली लाल पूड उगाळून पोटात घेऊ नका. त्यात आज काय मिसळलेलं असतं याची कोणी हमी देत नाही. आणि गांध्यांबरोबर ओठ, जीभ सुजत असेल तर गेरू शोधत बसू नये, सरळ दवाखाना.

रसायनवाला
पूर्ण अनुमोदन. अवांतर, पिवडी (पिवळी माती) भाजली की लाल होते हे किती जणांना माहितीय? पिवडीतल्या लोहाबरोबर पाणी बांधलेलं असतं, साधारण २५० ते ३०० अंशाला ते निघून जातं आणि उरतो तो हेमॅटाइट, म्हणजे गेरू. घरी तव्यावर करून बघा, रंग डोळ्यांदेखत बदलतो. तवा मात्र पोळीचा वापरू नका, घरात माझी किंमत त्या दिवसापासून उतरलेली आहे ती अजून वर आली नाही. अजिंठ्याच्या चित्रांत दोन्ही आहेत, लाल माती, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. परदेशातून आलेला एकच, निळा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा.

भिजलेली_वात
आणि भीमबेटका? तिथली चित्रं पण गेरूचीच ना?

रसायनवाला
हो, लाल आहेत ती हेमॅटाइटचीच. दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस नावाच्या गुहेत तर साधारण १ लाख वर्षांपूर्वीचे शंख सापडलेत ज्यात गेरू कालवलेला आहे. म्हणजे वाटीत काव कालवून बसलेले रंधा यांचे वडील एका फार लांब ओळीत बसलेले आहेत.

रंधा
त्यांना सांगितलं. म्हणाले तेव्हा तरी पगार वेळेवर मिळायचा का?

चावट_चिंतामणी
बाबांना सभासद करून घ्या, धाग्याचा दर्जा सुधारेल.

कोरा_कागद
गेरूचं मूळ राहिलं. गिरि पासून गैरिक, डोंगरातली ती. गैरिक चा गेरू. बंगालीत तर अजून सरळ गिरिमाटी म्हणतात. मेघदूतातला यक्ष रुसलेल्या बायकोचं चित्र शिळेवर धातुरागाने काढतो, तो धातुराग म्हणजे हाच गेरू असं टीकाकार सांगतात. रामगिरीच्या डोंगरावर राहायचं आणि गेरूने चित्र काढायचं, शब्द आणि जागा नेमकी जुळलेली आहे.

मीनाक्षी_बंगळूर
म्हणजे तुमच्याच हिशोबाने गेरू डोंगरातून आला, हुरमुंजी समुद्रातून आली. काव पण कुठूनतरी बाहेरूनच आली असेल, एवढं मान्य करा म्हणजे आज मी झोपायला मोकळी.

कोरा_कागद
झोपा. कासाव सोडत नाही.

दुकानातला_पोरगा
धागा वर आलेला दिसला म्हणून लिहितो. आमचं गावातलं जुनं किराणा कम रंगाचं दुकान, आजोबांपासूनचं, आता मोबाईल रिचार्जवर चालतं. पांथस्थ यांनी तीन वेगळे दाम विचारलेत आणि सगळे अथेन्सला जाऊन आले पण त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

आमच्याकडे तिन्ही वेगळ्या पोत्यांत असायचं. गेरू म्हणजे खडे. त्यात चिकणमाती बरीच, हातात घेतला तर हलका, ओला केला की मऊ, वासाला मातीचा. बायका अंगणाला, वृंदावनाला नेत. काव म्हणजे दळलेली, चाळलेली पूड, भिंतीला हात द्यायला आणि सुतार गवंड्यांना, तिच्यात माल कुठला आणि किती मिसळलाय ते दळणाऱ्याच्या इमानावर. हुरमुंजी सगळ्यात जड आणि सगळ्यात महाग. तेवढंच मापटं भरलं तर हुरमुंजीचं वजन गेरूपेक्षा सरळ जास्त भरायचं कारण तिच्यात माती कमी, लोह जास्त. रंगही जांभळटकडे. पाण्यात कालवली तर तळाला बसते, तेलात कालवली तरच नीट चढते, म्हणून शिंगांना, बैलगाडीच्या चाकांना, दाराच्या चौकटीला. आजोबा गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, पाण्यात घालणार का तेलात? तेलात म्हणाला की हुरमुंजी. तुमचे पणजोबा चिकट असतील पण त्यांनी एकाच वस्तूचे पैसे तीनदा दिलेले नाहीत, अंगणाला एक, भिंतीला एक आणि बैलाला एक असं आणलेलं दिसतं.

आता मात्र या तिन्ही नावांनी काहीही मागा, कंपनीची रेड ऑक्साईडची एकच पिशवी मिळते.

पांथस्थ
@दुकानातला_पोरगा, साष्टांग दंडवत! वजनाचा आकडा परत बघितला, हुरमुंजी सगळ्यात कमी घेतलीय आणि दाम सगळ्यात जास्त, तुमच्या सांगण्याशी तंतोतंत जुळतंय. तेल पण त्याच पानावर आहे, जवसाचं.

माळावरचा
जवसाचंच असणार, ते वाळतं. गोडं तेल लावलं की बैल जिथे घासेल तिथे लाल. आमच्या गोठ्याचा खांब वर्षभर लाल असायचा कारण आमचा चुलता काटकसर करायचा.

केळफूल
सगळं वाचून आता मला वृंदावनाला गेरू लावायचाय. ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर सिमेंटचं आहे, मागच्या वेळी पहिल्याच पावसात सगळा ओघळ खाली शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर. उपाय सांगा, शेजारी अजून बोलत नाहीत.

दुकानातला_पोरगा
डिंक रात्रभर भिजवून गाळून त्यात कालवा, आणि सिमेंट आधी नुसत्या पाण्याने चांगलं ओलं करून घ्या, कोरड्यावर पापुद्रा धरतो. दोन पातळ हात, मध्ये वाळू द्या. तरी उघड्यावर असेल तर पाऊस तो खाणारच, म्हणून तर दरवर्षी लावायची पद्धत आहे.

चावट_चिंतामणी
किंवा शेजाऱ्यांना लाल गाडी घ्यायला सांगा.